लॅपटॉपची गादी

भागिरथीबाईंच्या सावेडीच्या घरात कोणतेही यंत्र उघडेबोडके राहत नसे. टीव्हीला झालरीचे आच्छादन होते, मिक्सरला खणाची कुंची होती आणि टेलिफोनच्या डोक्यावर मखमली टोपी होती. जी वस्तू घरासाठी राबते तिची अब्रू घराने राखावी, हा मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईंचा कायदाच होता. त्यामुळे अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात त्यांची धाकटी मुलगी प्रज्ञा पुण्याच्या कंपनीचा लॅपटॉप घेऊन आली, तेव्हा त्या पाहुण्यासाठी बाईंनी दुसऱ्या दिवशी चहाच्या आत गादी शिवून तयार ठेवली. गादी निळ्या मखमलीची होती, आत कापूस ठासला होता आणि चारी कडांना बोटभर उंच किनार होती.

"आई, त्याला गादी कशाला गं?"

"मग काय टेबलाच्या काचेवर आदळायचं? ते काय पातेलं आहे?"

प्रज्ञाने वाद घातला नाही. तिला वेळच नव्हता. त्याच दिवशी, रविवारी, संध्याकाळी पाच वाजता सोनईकडच्या एका साखर कारखान्याचे चेअरमन काकासाहेब घरी येणार होते. कोणत्या गावच्या उसाला तोड कधी द्यायची, याचा क्रम लावणारा प्रोग्रॅम तिने केला होता. तो त्यांना पसंत पडला तर तिची नोकरी कायम होणार होती. नाहीतर सहा महिन्यांची उमेदवारी तिथेच संपत होती.

अकरा वाजता तिने यंत्र सुरू केले. साडेअकराला ते तव्यासारखे तापले आणि आपोआप बंद पडले.

"ऊन बाधलंय त्याला," बाईंनी निदान केले आणि सूत्रे हाती घेतली. झळ येऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या बंद झाल्या. दारावर ओली चादर लागली. शेजारी पाण्याचा माठ आला.

"मोसंबीचा रस काढू का?" रंभाजींनी विचारले. बाईंच्या या यजमानांची सारी हयात एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये गेली होती. "मी म्हणतो, इंजिन तापलं की आम्ही आधी बोनेट उघडायचो."

"अहो, हे इंजिन नाही. तुम्ही पेपर वाचा."

दुसऱ्या खेपेला यंत्र वीस मिनिटे टिकले. काचेची झळ खालून लागत असणार, म्हणून बाईंनी गादीखाली दुलईची घडी सारली. तिसऱ्या खेपेला ते बारा मिनिटांत गतप्राण झाले. रोग्याची सेवा जसजशी वाढली, तसतशी त्याची शुद्ध लवकर हरपू लागली. बाई ओले फडके पिळून झाकणावर घालणार, तोच प्रज्ञा किंचाळली, "आई! शॉक बसेल!" रविवार असल्यामुळे पुण्याच्या ऑफिसात फोन उचलायला कोणी नव्हते. पोरीच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले, आणि ते पाहून एरवी कशालाही न डगमगणाऱ्या बाईंनी फडके मुकाट्याने बादलीत टाकले.

बरोबर पाचला जीप थांबली. पांढऱ्या टोपीतले भारदस्त काकासाहेब आत आले आणि बाईंना पाहताच वाकले.

"वळखलं का बाई? सातवीला तुमच्या वर्गात हुतो."

"खिडकीजवळ बसून झोपायचास, तो काकासाहेब तूच ना?"

"व्हय," चेअरमन लाजले.

प्रज्ञाने यंत्र सुरू केले. पडद्यावर गावांची यादी सरकू लागली. दहाव्या मिनिटाला लॅपटॉप घरघरू लागला आणि अकराव्याला पडदा काळा झाला. काकासाहेबांनी उपरण्याने मान पुसली.

"बाई, राग मानू नगा. पन वर्गात आल्या आल्या तुमी आदी खिडक्या उघडाया लावायच्या. म्हनायच्या, कोंडलं की डोकी तापत्यात. आन आज आमाला असं कोंडून का घातलंय?"

बाईंचा हात नकळत लॅपटॉपच्या कडेशी गेला. तिथे बारीक फटी होत्या आणि त्यांतून येणारा कढत श्वास मखमली किनारीवर आदळून परत फिरत होता. या यंत्रालाही खिडक्या होत्या तर! आणि त्या बाईंनी स्वतःच्या हाताने, बारीक टाके घालून, बंद केल्या होत्या.

"प्रज्ञा, उचल त्याला. अहो, खिडक्या उघडा."

बाई स्वयंपाकघरातून गरम पातेले ठेवायची लोखंडी अडणी घेऊन आल्या. लॅपटॉप तिच्यावर विराजमान झाला. गादी शेजारच्या खुर्चीवर गेली. चहा होईपर्यंत यंत्र निवले, आणि मग असे चालले की शेवटच्या गावच्या शेवटच्या शिवारापर्यंत तोड लागली, तरी त्याने हूं की चूं केले नाही.

"पोरी, झ्याक काम हाय. मी तुझ्या सायबाला उद्याच फोन करतो."

प्रज्ञाने आईचा हात घट्ट धरला. बाईंनी कितीतरी वेळाने मोकळा श्वास घेतला. नोकरी वाचली होती, आणि गादीचे नावही कोणी काढले नव्हते.

तेवढ्यात त्याच खुर्चीत येऊन बसलेल्या काकासाहेबांनी आपल्या बुडाखाली चाचपले. "लई मऊ हाय. ही लॅपटॉपची गादी का? बाई, आमच्या हापिसात बारा कॉम्प्युटर येनार हायेत. बारा गाद्या तुमीच शिवून द्या."

प्रज्ञा छताकडे पाहू लागली. रंभाजी पेपराआडून म्हणाले, "निळी मखमल उरलीय बरं का."

बाईंनी पदर सारखा केला. "बारा यंत्रं बंद पडतील, काकासाहेब. या गादीनेच त्याचा श्वास कोंडला होता. चूक माझी झाली."

पेपर खाली आला. "पुन्हा एकदा म्हणतेस का? चाळीस वर्षांत पहिल्यांदाच ऐकतोय."

"एकदा सांगितलेलं मी वर्गात पुन्हा सांगत नसते."

पण छातीवरचे ओझे उतरले होते. उघड्या खिडकीतून वाऱ्याची झुळूक आली. बाई उठल्या आणि टेलिफोनच्या डोक्यावरची टोपीही त्यांनी काढून ठेवली. मग त्या पाहुण्याकडे वळल्या.

"गादी तू घेऊन जा, काकासाहेब. हापिसातल्या खुर्चीत घाल. मात्र खिडकी उघडी ठेवूनच झोपत जा."