पाचवी टोपली

दिगंबरराव रोज सकाळी खेळायला सुरुवात करण्याआधी शेळ्यांचे पाय तपासतात. सेलूच्या बाहेर त्यांचं दोन एकर पडीक रान आहे. शेजारच्या रुक्मिणबाईंच्या शेळ्या तिथूनच चरायला जातात. त्यांच्या खुरांना चुन्याची फक्की लागलेली दिसली, की फेकायच्या जागेची रेघ त्यांनीच पुसली, हे ठरलेलं. मला म्हणतात, ‘‘गुरुजी, या शेळ्यांना कुणीतरी शिकवायलंय. मला शक हाय.’’

या रानात त्यांनी डिस्क गोल्फ मांडलाय. तबकड्या पुण्याच्या भाच्यानं आणून दिल्या. नऊ टोपल्या यांनी स्वतः केल्या: पाइपावर लोखंडी घमेलं, वर सायकलच्या जुन्या साखळ्या लोंबत्या. तबकडी फेकायची, पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि कमीत कमी फेकींत टोपलीत घालायची. खेळणारे आम्ही दोघंच. तरी घरी निघताना, तबकडी तर नेत नाही ना म्हणून ते माझ्या पिशवीकडे बघतात. मी जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, सुरुवातीला फार राग यायचा.

दिगंबररावांची सगळी नोकरी जमीन मोजणी खात्यात झाली, त्याचाही परिणाम असेल. हद्द म्हणजे हद्द. सख्ख्या भावानं बांधाचा दगड वीतभर सरकवायला सांगितला होता, यांनी नाही सरकवला. तेव्हापासून भाऊ बोलत नाही. दर सोमवारी टोपल्यांची अंतरं टेपनं मोजायची. दुसरं टोक माझ्या हातात, आणि मी ते मुद्दाम ढिलं सोडतो, असा शक.

गेल्या पावसाळ्यात माझ्या उजव्या हाताला लकवा मारला. हात परत आला, जोर आला नाही. पाचवी टोपली सगळ्यांत लांब, बाभळीच्या पार पलीकडे. पूर्वी चार फेकींत जायची, आता आठ लागायला लागल्या. एक दिवस चिडून मी सांगून टाकलं, संक्रांतीपर्यंत पाच फेकींत पोचलो नाही तर माझं येणं बंद.

मग हात सुधारायला लागला. सात झाल्या, सहा झाल्या. घरी मी रुबाबात दोनदा चहा मागून घेऊ लागलो. सोमवारची मोजणी मात्र बंद पडली होती. टेप सापडत नाही म्हणाले. आणि पाचवी टोपली आता बाभळीच्या सावलीत आल्यासारखी दिसत होती. मी तसं बोलून दाखवलं.

‘‘उगी शक घेऊ नका, गुरुजी. चांगलं नसतंय ते.’’

या माणसाच्या तोंडून हे ऐकलं आणि मला शक आला.

दुसऱ्या दिवशी तासभर आधी गेलो. दिगंबरराव पाइपाला मिठी मारून तो नव्या खड्ड्यात उतरवत होते, हातभर अलीकडे. जुना खड्डा त्यांनी बुजवला, पायानं दाबला, वर वाळलं गवत पसरलं. मग खिशातून तो न सापडणारा टेप काढून मोजलं आणि कुणी बघत नाही ना म्हणून चारी बाजूंना पाहिलं. सख्ख्या भावासाठी वीतभर न सरकलेला माणूस. मला रडू आलं. तसाच मागं फिरलो, स्टेशनजवळ चहा घेतला आणि रोजच्या वेळेला रानात आलो.

त्या दिवशी पाचवीच्या साखळ्या माझ्या पाचव्या फेकीला वाजल्या. दिगंबररावांनी डोळे बारीक करून माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं.

‘‘गुरुजी, तुमी घरी चोरून सराव करायलात. मला शक हाय.’’

त्यांच्या नखांत अजून माती होती. मी गुन्हा कबूल करून टाकला.