परातीतला सूर्य

विज्ञानापुढे भूक क्षुल्लक असते, असं सूर्यकांतचं ठाम मत होतं. हे मत हैदराबादच्या कॉलेजात, खानावळीतून भरल्या पोटी परतताना बनलेलं होतं.

मामांना घेऊन तो हिंगोलीला विष्णुपंत वकिलांची पद्मजा पाहायला आला. मुलगी पाहताक्षणी आवडली. छाप पाडायची म्हणून त्यानं सूर्यावरच्या डागांचा विषय काढला. त्या चैत्रात सूर्यावर भला मोठा डाग आला होता. अंगणात परातभर हळदीचं पाणी मागवून त्यानं तो सगळ्यांना दाखवला.

पद्मजाच्या आई, गंगूताई, परातीत वाकल्या आणि उठून त्यांनी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

"सूर्य काळा पडून राहिला, म्हणजे ग्रहणच की. सुटेपर्यंत पानं मांडायची न्हाईत."

दाराआडून पुरणपोळीचा वास येत होता. पंचांगात ग्रहण नसल्याचं विष्णुपंतांनी सांगून पाहिलं. पंचांगवाल्यानं परातीत पाहिलं नसेल, असं उत्तर आलं. मग हे सुटणार कधी, म्हणून गंगूताईंनी पाहुण्यालाच विचारलं. डाग आठवडाभर राहील, असं सूर्यकांतनं प्रामाणिकपणे सांगितलं. मामांनी त्याला चिमटा काढला.

त्यानं घाईनं तोड काढली. असे डाग म्हणजे अजस्र लोहचुंबक. त्यांची उत्तर-दक्षिण टोकं एकमेकांत गुंतली, की ताण वाढतो आणि भडका उडतो. तो उडाला की रेडिओ गप होतो. तेव्हा ग्रहण सुटलं असं धरावं. डाग एवढा मोठा, म्हणजे आज उडणारच.

गंगूताईंना हे पटलं. विष्णुपंतांचा रेडिओ ओसरीवर आणला गेला. तो गायला लागला आणि गातच राहिला. ऊन कलंडलं.

"तुझा सूर्य काहून थंड पडला रे?" मामा पुटपुटले. "मी संध्याकाळच्या गाडीनं उपाशी चाललो. पोरगी दुसरी पाहू."

परात उचलायला आलेल्या पद्मजानं ते ऐकलं. तिनं खाली मान घालून विचारलं,

"नुसता डाग मोठा असून भागतं, की गुंता पाहिजे?"

"गुंता पाहिजे."

"मग या डागात आहे?"

"ते परातीत दिसत नाही," सूर्यकांत म्हणाला.

पद्मजा परात घेऊन रेडिओच्या मागून गेली. जाता जाता तिचा हात बॅटरीच्या तारेकडे वळलेला सूर्यकांतनं स्पष्ट पाहिला. रेडिओ गप झाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं विज्ञानाचा विचार केला, पण थोडाच.

"भडका उडाला," तो म्हणाला.

सगळ्यांनी विहिरीवर आंघोळी केल्या. मामा ओल्या केसांनीच पानावर बसले. पहिली पोळी संपायच्या आत सूर्यकांतनं होकार दिला.

त्या दुपारी सूर्यावर काहीही झालं नव्हतं.