दामले आणि नवा चेंडू

ग्लासगोत कुणी भेटलं की लोक हवामानाविषयी बोलतात. आमचे डॉक्टर दामले विचारायचे, ‘‘शेवटचं कधी खाल्लंत?’’

भूलतज्ज्ञ माणूस. ऑपरेशनच्या आधी पेशंटला हाच प्रश्न विचारण्यात अख्खी नोकरी गेली, त्यामुळे तो तोंडातच बसला होता. बारशाला विचारतील, गणपतीला विचारतील. नुकतीच लग्न होऊन आलेली एखादी मुलगी बिचारी समजायची, काकांना भूक लागलीय. ती घाईघाईने पोहे करायची. दामले ते मुकाट्याने संपवायचे आणि ‘‘आता सहा तास मला भूल देता येणार नाही,’’ असं गंभीरपणे सांगून घरी जायचे.

हे गृहस्थ आमच्या मराठी क्रिकेट टीमचे कॅप्टन. टीम म्हणजे आसपासच्या हॉस्पिटलांतले डॉक्टर, आणि अकरा भरत नसतील तर त्यांचे मेहुणे. कॅप्टनची निवड वगैरे कधी झाली नाही. पॅव्हिलियनची किल्ली दामल्यांकडे असायची, एवढंच.

याच टीममध्ये आमचा निखिल होता. सोळा वर्षांचा, ताडमाड, आणि आई आहे म्हणून सांगत नाही, खरोखर फास्ट. त्याचा चेंडू निघाला की विकेटकीपिंग करणारे आमचे हे चक्क डोळे मिटून घेत. आता अशा पोराला नवा चेंडू द्यावा की नाही? शेंबडं पोरही सांगेल. पण नवा चेंडू घ्यायचे दामले. स्वतः. आणि टाकायचे काय, तर ऑफस्पिन!

‘‘आधी भूल, मग सुरी,’’ ते म्हणायचे. ‘‘मी बॅट्समनला झोपवतो. मग निखिल येऊन कापेल.’’

झोपतंय कोण! बॅट्समन टक्क जागे होऊन दामल्यांना रेल्वेलाइनपलीकडे भिरकावून देत. सगळी टीम कुंपणावरून चेंडू शोधत बसायची. ‘‘अंमल चढायला वेळ लागतो,’’ म्हणत दामले पुढची ओव्हर टाकायला तयार.

हे सगळं मला ऐकून माहीत. रविवारी माझा मुलांच्या वॉर्डचा राउंड असे. तो उरकून, बस बदलून मी पोचायची तोवर स्कोअरबोर्डाची दशा बघवत नसे. मी फोल्डिंगची खुर्ची उघडायची, फ्लास्क काढायची, आणि नेमका तेव्हा निखिल बोलिंगला यायचा. तेवढं तरी नशीब, म्हणून मी चहा ओतायची.

यांना सांगून उपयोग नव्हता. दामल्यांना उलट बोलायची वेळ आली की यांना ग्लव्ह्ज नीट करायचे असत. खुद्द निखिलला विचारलं तर तो म्हणे, ‘‘इट्स फाइन, आई. काका म्हणतो मी नंतर टाकायची.’’ दामल्यांना अरेतुरे करणारा सबंध स्कॉटलंडमध्ये तो एकटाच.

आणि एका उन्हाळ्यात कळलं, स्कॉटलंडच्या ज्युनियर संघासाठी मुलं बघायला एक साहेब येणार आहेत. त्यांना त्याच दिवशी आणखी एक मैदान गाठायचं होतं, त्यामुळे ते सुरुवातीचीच थोडी मॅच बघणार होते. मी दामल्यांना फोन लावला.

‘‘अहो दामले, या रविवारी तरी पहिली ओव्हर निखिलला द्या.’’

‘‘वहिनी, भूल न देता सुरी?’’

‘‘चुलीत गेली तुमची भूल! पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे.’’

‘‘शेवटचं कधी खाल्लंत? चिडचिड होतेय तुमची.’’

या माणसाशी फोनवर भांडणार तरी कसं? मी मैत्रिणीशी ड्यूटी बदलली, बदल्यात तिच्या नाइट्स गळ्यात घेतल्या, आणि मॅच सुरू व्हायच्या आधीच मैदानावर जाऊन थडकले. भर मैदानात दामल्यांना काय काय सुनवायचं, ते बसमध्ये पाठ केलं होतं.

टीम नुकतीच उतरत होती. दामल्यांनी मला पाहिलं, घड्याळ पाहिलं, पुन्हा मला पाहिलं. मग खिशातून कोरा चेंडू काढून सरळ निखिलच्या हातात ठेवला आणि स्वतः चालत चालत थर्ड मॅनला, माझ्या खुर्चीजवळच बाउंड्रीवर येऊन उभे राहिले. माझं पाठ केलेलं भाषण वाया गेलं.

निखिलचा पहिला चेंडू वाइड गेला. दुसऱ्याने मधला स्टंप उडाला. मी किंचाळले. पॅव्हिलियनपाशी टायवाले साहेब उठून उभे राहिले.

‘‘शेवटी साहेबांसाठी दिलात ना चेंडू?’’ मी म्हटलं.

‘‘छे हो. त्यांना मी चहाच्या सुट्टीपर्यंत अडकवून ठेवलं असतं. बटाटेवडे आहेत.’’

‘‘मग?’’

‘‘आज तुम्ही वेळेवर आलात.’’

मला काही उमजेना. दामले पिचकडे बघतच बोलत होते.

‘‘आमचा संजय शाळेच्या टीमकडून बोलिंग ओपन करायचा. मी ऑपरेशन थिएटरमधून सुटून पोचायचो तेव्हा त्याचा स्पेल संपलेला असायचा. तो असा थर्ड मॅनला उभा. मला बघून हात करायचा. पुढे पुढे ते बंद झालं.’’ तेवढ्यात एक चेंडू आला. दामले कष्टाने वाकले, अडवला, परत फेकला. ‘‘ऑस्ट्रेलियात असतो आता. दिवाळीला फोन येतो. चांगला बोलर होता म्हणतात. मी त्याचा एकही चेंडू पाहिलेला नाही, वहिनी.’’

म्हणजे इतके रविवार हा माणूस माझी बस येईपर्यंत मार खात होता! आणि मी घरोघरी त्याच्या ऑफस्पिनच्या नकला करत होते. मला भडभडून आलं. मी नुसती त्यांच्याकडे बघत राहिले.

‘‘अहो, माझ्याकडे काय बघताय?’’ दामले माझ्यावर खेकसले. ‘‘तिकडे बघा. तो टाकतोय.’’