खिल्लारेमामांची जवाबी कार्डं

आमच्या कचेरीतल्या खिल्लारेमामांनी एकदा, 'ही कोंबडी रोज अंडं देईल' असं कोंबडीवाल्याकडून लेखी घेतलं होतं. जिंतूरच्या भर बाजारात, अंगठ्यासकट. पंधरा दिवस कोंबडीनं ज्वारी खाल्ली आणि अंडं काही दिलं नाही. मामा कागद घेऊन परत गेले. कोंबडीवाला म्हणाला, "मामा, अंगठा म्या लावलाय, कोंबडीनं न्हाई." त्यावर मामांनी असा आवाज चढवला की शेजारच्या मिरचीवालीनं आपली पाटी उचलून लांब नेली. शेवटी कोंबडी परत गेली. कागद मात्र मामांनी ठेवून घेतला.

"लेखी द्या" हे त्यांचं पालुपद. शिंप्यानं तारीख लेखी द्यायची. परभणीपर्यंत बसायला जागा मिळेल, हे कंडक्टरनं तिकिटाच्या मागं लिहून द्यायचं. मी एकदा सहज म्हणालो, "मामा, रविवारी घरी चक्कर मारतो," तर त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. कचेरीत त्यांचं टेबल आवक-जावकचं. आलेल्या प्रत्येक कागदावर ते शिक्का असा हाणत की टेबलाचा एक पाय कायमचा ढिला झाला होता. राग सदा नाकावर. बायको वारलेली, मूलबाळ नाही. घरी रागवायला कुणी नसल्यामुळं तो सगळा साठा आमच्या वाट्याला यायचा. त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी तीन वर्षं काढली, याचं सरकारनं मला कधी बक्षीस दिलं नाही.

चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरची गोष्ट असेल. माझं लग्न ठरलं. मी पेडगावचा जाधव, मुलगी पालमची, शांता, प्राथमिक शाळेत शिक्षिका. दोन्ही घरं बौद्ध. मामाही आमच्यातलेच, त्यामुळं माझ्या लग्नात आपल्याला बोलायचा हक्क आहे, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मुलगी बघायला गेलो तेव्हा मी शांताला विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय का?" ती म्हणाली, "इचारायचं काही न्हाई. चौथीच्या पोरांना मी समुद्र शिकवते. मीच बघितला न्हाई. एकदा बघायचाय." मी तिथल्या तिथं शब्द देऊन मोकळा झालो.

हनिमून हा शब्द तेव्हा आमच्या कचेरीत सिनेमावाल्यांचा समजला जाई. आम्ही 'फिरायला जाणार' एवढंच म्हणायचो. कोकणातलं एक लहान शहर मी निवडलं. नाव लिहीत नाही, कारण पुढं जे घडलं त्याचा दोष एकट्या त्या शहराचा नव्हता. माझ्या पगारात लाल गाडीचा प्रवास आणि चार दिवसांची स्वस्तातली खोली, एवढंच बसत होतं. मामांनी लगेच बेत हातात घेतला. "जाताना दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी. येताना उपाशी आलास तरी चालतंय. खोलीचं काय?"

"तिथं गेल्यावर बघू की."

मामा खुर्चीवरून उठले. "गेल्यावर? नव्या नवरीला रस्त्यावर हुभी करून खोली हुडकनार व्हय रे? शिकलेला हायस का कोन हायस तू?" अख्खी कचेरी माना वर करून बघत होती. मला असा संताप आला की त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललो नाही. पण त्यांनी आठ जवाबी कार्डं विकत आणली. जवाबी कार्ड म्हणजे जोडीचं पोस्टकार्ड. एका अर्ध्यावर आपला मजकूर, दुसऱ्या कोऱ्या अर्ध्यावर आपलाच पत्ता, म्हणजे समोरच्यानं नुसतं लिहून पेटीत टाकायचं. बदली होऊन तिकडं गेलेल्या एका कारकुनाकडून त्यांनी लॉजांचे आणि खोल्या देणाऱ्यांचे पत्ते मागवले, आपल्या मोत्यासारख्या अक्षरात आठही कार्डं लिहिली आणि मला न दाखवता टाकली.

उत्तरं यायला लागली. "जागा नाही." "सध्या जागा नाही, क्षमस्व." एकानं तर "खोल्यांची दुरुस्ती चालू आहे" असं कळवलं. सहा उत्तरं आली, सहाही नकाराची. मला वाटलं, काय गर्दीचं गाव असेल बुवा! मामा प्रत्येक कार्डावर आवकचा शिक्का मारून ते फायलीला लावत होते.

मग सातवं कार्ड आलं. पत्ता न सापडल्यामुळं ते जसंच्या तसं परत आलं होतं, मामांच्या मजकुरासकट. मी वाचलं. खोलीचा दर, पाणी, संडास, सगळं ओळीनं विचारलेलं. आणि खाली, जाड रेघ मारून: "येणारे नवरा-बायको बौद्ध आहेत. खोली मिळेल की नाही, ते लेखी कळवावे."

माझं डोकं फिरलं. उघडं कार्ड! पोस्टातल्या सगळ्यांनी वाचलं असणार. मी ते मामांच्या टेबलावर आपटलं. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे लिहायला? माझं आडनाव जाधव आहे. कोण विचारणार होतं मला? नीट कपडे घालून गेलो असतो, खोली घेतली असती, समुद्र बघून आलो असतो. तुमच्या या लेखी-लेखीपायी माझ्या लग्नाचं वाटोळं झालं!"

मामा उलटून ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी नुसती फाईल उघडली. "माझ्या कार्डावर तारीख कुठंय, दाखीव."

मी बघितलं. तारीख नव्हतीच. कधी येणार, हे त्यांनी कुठंच लिहिलं नव्हतं.

"मुद्दाम न्हाई लिहिली. कवा येनार ते म्हाईत न्हाई, तरी जागा न्हाई! अन् आडनावाचं मला सांगू नगस. आडनावानं भागलं न्हाई की गाव इचारतेत. गावानं भागलं न्हाई की गल्ली इचारतेत. मग पाव्हणे कोन, ते इचारतेत." त्यांनी फायलीतली कार्डं एकेक करून उलटली. "मला नोकरी लागली तवा मीबी नव्या बायकोला, कौसल्येला घेऊन तिकडंच गेलतो. खोली भेटली. पैसे घेतले त्यानं. हिनं प्रवासातलं लुगडं धुऊन दोरीवर टाकलं. तवर त्यानं गप्पा मारत गल्ली इचारून घेतली. मग काठी आनली, अन् दोरीवरलं लुगडं काठीनं खाली पाडलं. हात लावला न्हाई. आमी समुद्र न बघताच फिरलो. त्यानंतर नऊ वर्सं जगली ती. लुगडं कवा बाहेर दोरीवर घातलं न्हाई. घरातच, चुलीपाशी वाळवायची. धुराचा वास यायचा लुगड्याला."

मामांनी फाईल माझ्यापुढं सरकवली.

"न्हाई म्हनायचंय न्हवं त्यांना? मग हितं म्हना, माझ्या टेबलावर. मी शिक्का मारतो. पोरीच्या तोंडावर न्हाई म्हनायचं न्हाई."

रागानं मी पेटलो होतो, पण आता तो राग मामांवर नव्हता. ती सहा कार्डं घेऊन तिकडं जावं आणि एकेकाच्या दारात वाचून दाखवावीत, असं वाटत होतं. "मग जायचंच नाही," मी म्हणालो. "शांताला सांगतो, समुद्र रद्द."

"एक कार्ड यायचंय अजून," मामा म्हणाले, आणि पुढचा कागद ओढून त्यावर शिक्का हाणला.

आठवं कार्ड लग्नाच्या आठवडाभर आधी आलं. एका विधवा बाईंचं. अक्षर वाकडं, शाई पसरलेली. "खोली आहे. पंखा नाही. पाणी विहिरीचे, दोर जुना आहे, तरी बाईंनी जपून. आदल्या दिवशी सांगितल्यास मासे करीन. तारीख लिहायला विसरलात. असे कसे चालेल? मी तयारी कधी करू?"

मामांनी ते तीनदा वाचलं. "हिनं तारीख इचारली," एवढंच म्हणाले. मग चिडून माझ्याकडं बघितलं. "बसलास काय? तारीख कळीव तिला!"

आम्ही जाऊन आलो. पहिल्या दिवशी शांता अंधार पडेपर्यंत पाण्यात पाय बुडवून उभी होती. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "पोरांना मी लय लहान करून शिकवला." बाईंनी रागवून रागवून वाढलं. दोर खरंच जुना होता.

परत आल्यावर दोघंही मामांकडं गेलो. मला वाटलं, समुद्र कसा होता विचारतील, खर्च किती आला विचारतील. मामांनी शांताला विचारलं, "साडी कुठं वाळू घालत होतीस?"

शांताला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "अंगणात, मामा. दोरीवर."

"उन्हात?"

"हाव. उन्हात. एकदा वाऱ्यानं पडली, तर बाईंनीच उचलून झटकून पुन्हा घातली."

मामा उठले, कोरा कागद आणला, आणि नेहमीच्याच चिडक्या आवाजात म्हणाले, "लेखी दे."

शांतानं मांडीवर पाटी घेतल्यासारखा कागद घेतला आणि शाळेतल्या अक्षरात सगळं लिहून खाली सही केली. मामांनी तो कागद दोनदा वाचला. शिक्का मारला नाही, फायलीला लावला नाही. चार घड्या घालून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला.