घडीतली वस्ती

लग्नाचा आल्बम हातात पडला की बिलालमामू आधी नवरा-नवरीवर तळहात ठेवतात. "ह्यांचं ऱ्हाऊ द्या. मागं पानी कोन वाढायलंय, ते बघू." मग खिशातून भिंग निघतं आणि चहा गार होतो.

यजमान चिडतात. माझी बायको तर मामू दिसले की आल्बम गादीखाली सारते. एवढं नटूनथटून फोटो काढावा आणि या गृहस्थाने त्यातला वाजंत्रीवाला निरखत बसावं!

मामू हबशी. पूर्वज आफ्रिकेतून आलेले, निजामाच्या फौजेतले घोडेस्वार. आमच्या ओढ्यापलीकडे त्यांची वस्ती होती. मोठ्या दुष्काळात ती सगळी खडी फोडायला गेली आणि तिकडूनच पांगली. तान्ह्या बिलालला आईने दर्ग्याच्या मुजावरांच्या घरी ठेवलं होतं. ती परत आलीच नाही. आता वस्तीच्या जागी ऊस आहे आणि गावातली पोरं म्हणतात, "हबशी? हितं? कायबी सांगता, मामू!" मामूंना याचा भयंकर राग येतो.

कडेची माणसं शोधता शोधता त्यांना एक गोष्ट कळली. फोटो मोठा आणि फ्रेम लहान असली की आमचा जुना फ्रेमवाला फोटोची कड सरळ मागे दुमडायचा. दुमडला जायचा तो अर्थातच कडेला उभा असलेला. तेव्हापासून मामू पक्कड घेऊन फिरतात. लोकांच्या भिंतीवरचे आजोबा उतरवून त्यांचे खिळे उपसू लागले की घरात बोंबाबोंब होते.

परवा ते आमच्या दूध सोसायटीत आले. मी तिथला सेक्रेटरी. माझ्या खुर्चीमागे उद्घाटनाचा जुना फोटो आहे, मोठ्या दुष्काळाच्या आधीचा.

"भाऊ, हा जरा उतरवा."

"चेअरमन ओरडतील, मामू."

"ओरडू द्या. त्यांना कोन दुमडलंय?"

मी फ्रेम उतरवली. मामूंनी खिळे काढले आणि कड हलक्या हाताने उलगडली. आत हबशी माणसं उभी होती. काळी, कुरळ्या केसांची. पुढच्या रांगेत बाया, हातात दुधाच्या चरव्या. पहिल्या दिवशी दूध घालायला तीही आली होती.

"सापडली की वस्ती!" मी ओरडलोच. "आता दाखवा पोरांना!"

मामूंचं लक्षच नव्हतं. भिंग एका बाईवरून दुसरीवर जात होतं, पुन्हा मागे येत होतं.

"ह्यातली माही आई कंची, भाऊ?"

तिला ओळखणारं गावात कुणी उरलं नव्हतं.

मामूंनी भिंग खिशात ठेवलं, टोपी सारखी केली आणि एकेका बाईवर बोट टेकवत ते प्रत्येकीला सांगत गेले, "अम्मा, मी हितंच हाय."