मायूला सोडायला ट्रॉलीभर माणसं

पोरीला बालवाडीत रुळवणं अवघड असतं म्हणे! कोणाला? ज्यांना जमत नाही त्यांना! मी सावद्याचा केळीवाला. डाग पडू न देता घडच्या घड दिल्लीला पोचवतो. मला दोन गल्ल्या पलीकडे पोरगी पोचवता येऊ नये?

माझ्या बायकोला, सारिकाला, जळगावच्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं. तोवर आमची मायू बालवाडीत टिकली तर नोकरी, नाहीतर पुन्हा घर!

"मॅडमनी सांगितलंय, फाटकात सोडायचं आणि निघायचं. थांबायचं नाही," सारिका म्हणाली. "ऐकाल ना?"

"मी? मॅडमचं?"

अहो, आमच्या घराण्यात एकटं कोणी कुठे जातच नाही. एकाची दाढ काढायची असली तरी गाडी भरून माणसं जातात. डॉक्टरला बाहेर येऊन विचारावं लागतं, यातला पेशंट कोणता! आणि तीन वर्षांची पोर एकटी शाळेत? हट!

ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. ट्रॉलीत माझे वडील सुकदेव आबा, नरडाण्याहून खास आलेली आत्या भिकुबाई अक्का, आणि मधोमध गळ्यात बाटली अडकवलेली मायू. सारिकाने कपाळाला हात लावला आणि ती घरीच थांबली.

फाटकाशी मायू टुणकन उतरली. डिंपल मॅडमचं बोट धरलं आणि गेली आत. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही!

ही काय रीत झाली? अक्काला काही ते सोसवलं नाही. तिने फाटकासमोर मातीतच बैठक मारली, तोंडावर पदर घेतला आणि अहिराणीत सूर लावला, "मनी सोनानी पुतळी वं माय! न्हानी शे वं! एकली कशी राही वं!"

अक्काचं सगळं आयुष्य रेल्वे स्टेशनाशेजारी गेलंय. मालगाडीच्या भोंग्यावर मात करायची तिच्या गळ्याला सवय!

भाजी घेऊन चाललेल्या गल्लीतल्या प्रमिलाबाईंनी पिशवी खाली टाकली, अक्काच्या गळ्यात पडल्या आणि त्यांनीही सूर धरला. आमच्याकडे असंच आहे. पदर घेऊन रडणाऱ्या बाईला "काय झालं?" विचारणं म्हणजे आगाऊपणा. आधी गळ्यात पडायचं, पोटभर रडायचं. कोण गेलं ते मागाहून कळतंच की!

प्रमिलाबाईंना पाहून आणखी चौघी बसल्या. बायका बसल्या म्हणून लिंबाखाली पुरुष जमले. आबा आधीच मान खाली घालून उभे. त्यांच्या खांद्यावर जो तो हात ठेवून जाऊ लागला. आबांना वाटलं, नातीच्या शाळेचं गावाला किती कौतुक! त्यांचेही डोळे भरून आले. समोरच्या चहावाल्याने मान राखून शटर ओढलं!

आमचे शेजारी चिंधा भाऊ माझ्या कानाशी आले. "भो, तू खचू नको. लाकडं सांगून ठेवली मी."

"लाकडं? कशाले?"

"तू काही पाहू नको रे, आम्ही आहो ना!" आणि ते हार आणायला निघाले!

तेवढ्यात आतल्या पोरांनी बाहेरचा आकांत ऐकून एकसाथ भोकाड पसरलं. डिंपल मॅडम तणतणत बाहेर आल्या.

"भूपेंद्र भाऊ, हे काय चाललंय? सगळा वर्ग रडतोय!"

"पाहा! मी म्हटलंच होतं, एकटी पोर रडणारच!"

"तुमची सोडून सगळी रडताहेत! ही गर्दी आत्ता हलली नाही, तर उद्यापासून मायूला आणू नका!"

सारिकाचा सोमवार डोळ्यांपुढे नाचला. पण वाकेल तो मी कसला! "आम्ही रस्त्यावर उभे आहोत. रस्ता काय शाळेचा आहे?"

मॅडमनी उत्तरासाठी तोंड उघडलं, तोच त्यांच्या मागून मायू आली. कमरेवर हात.

"अक्का, गप बस! पप्पा, तुम्ही पन! मॅडम गोष्ट सांगून राह्यल्या ना!"

अक्काचा सूर अर्ध्यात तुटला. प्रमिलाबाईंनी पदर बाजूला करून मायूकडे डोळे फाडून पाहिलं. "अक्का, पोरगी तर जिती आहे!"

"मंग? तिले काय व्हयनं?"

चिंधा भाऊ हार हातात घेऊन परतले होते. "मंग हे रडणं कशाचं?"

"शाळेत गेली म्हणून," आबा म्हणाले.

प्रमिलाबाईंनी भाजीची पिशवी ज्या झटक्याने उचलली, त्यात सगळं आलं. आणि चिंधा भाऊ अजूनही माझ्याशी बोलत नाहीत. हार आणायला मी सांगितलं होतं का?

मॅडमनी मायूला ठेवून घेतलं. आम्हाला मात्र कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीच्या पुढे यायची बंदी घातली. मी म्हणतो, काय चुकलं आमचं? माया केली! पोरगी रुळली ना?

सोमवारी सारिका बसमध्ये चढली. मायूने हसत टाटा केला. बस हलली तरी मी खिडकीचा गज सोडेना.

"ओ भाऊ, हात काढा!" कंडक्टर ओरडला. "बाई कामाला चालली, सासरी नाही!"

अख्खं स्टँड हसलं. हसू दे! मी रडत नव्हतो. केळीचा चीक उडाला होता डोळ्यात. स्टँडवर चीक कुठून आला, ते मला विचारायचं नाही!