गॅप नाय रे, गादी!

जनूभाऊंच्या घराच्या मागच्या भिंतीवर एक पिवळा डाग आहे. माणसाच्या कमरेच्या उंचीवर, चांगला सुपाएवढा. दर दिवाळीला ते भिंतीला चुना मारतात आणि तुळशीचं लग्न लागेपर्यंत डाग पुन्हा हजर. वाशिंदला आमची इमारत त्यांच्या जुन्या घरामागेच उभी राहिली, त्यामुळे हा डाग मला रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून चहाबरोबर बघावा लागतो. विचारलं तर जनूभाऊ म्हणतात, "ओल येते रे." पिवळी ओल मी आजवर दुसरीकडे पाहिलेली नाही. माझ्या बायकोचं मत असं, की हा माणूस प्रत्येक औषध आधी भिंतीला पाजून बघत असणार.

औषधाचं वेड मात्र खरं. जनूभाऊ जन्मभर एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुवायला होते. रिटायर झाल्यावर बाटल्या सुटल्या, पण रसायनशास्त्र काही अंगावरून उतरलं नाही. आता ते ओट्यावर बसून मोबाइलवर वाचतात, आणि विषय एकच: मणक्यांमधली गादी का झिजते, आणि कुठल्या झाडपाल्यातला कुठला अंश तिची सूज उतरवतो. दुसऱ्या कुठल्याही विषयावर बोलायला गेलात तर ते ऐकून घेतात आणि शेवटी तुमच्या कमरेवर येतात. आमच्या नगरसेवकाने पाण्याच्या लायनीचं आश्वासन दिलं, त्या सभेतून जनूभाऊ एवढंच सांगत आले, "तो डाव्या अंगाला कलतो बग. गादी गेलीय."

त्यांचं खरं वैर एका शब्दाशी. शहापूर म्हणा, मुरबाड म्हणा, आमच्याकडे कंबर धरली की माणूस डॉक्टरकडे जातो, फोटो काढतो आणि तीन शब्द घेऊन घरी येतो: मणक्यात गॅप आहे. हे कानावर पडलं की जनूभाऊंचं डोकं सणकतं. "गॅप नाय रे, गादी! गादी झिजलीय, सुजलीय. गॅप काय, दरवाजाला असतो!"

आमच्या खालच्या मजल्यावरच्या वंदनावहिनींना असाच गॅप निघाला. बाईंनी सरळ विचार केला. गॅप म्हणजे फट, फट म्हटली की भरायला हवी, आणि भरायला डिंकाइतकं चिकट काय आहे? त्यांनी परात भरून डिंकाचे लाडू केले आणि सकाळ-संध्याकाळ खायला सुरुवात केली. जनूभाऊ तणतणत त्यांच्या दारात गेले.

"अगो, डिंकानं पाकीट चिकटतं, मणका नाय!"

"मग तुमी काय देता वो लोकांना?"

"मी? मी सालईचा डिंक देतो."

"म्हंजे तुमचा डिंक चिकटतो, नि आमचा नाय?"

"चिकटवायला नाय गो, सूज उतरवायला! तुमचा बाभळीचा, माझा सालईचा. त्याच्यातला मुद्दा वेगळा!"

'मुद्दा' हा त्यांचा लाडका शब्द. झाडातला जो अंश काम करतो तो मुद्दा. बाकी सगळा पाला. हळदीत मुद्दा आहे, निरगुडीत आहे, आल्यात आहे. माणसांत मात्र त्यांना तो क्वचितच सापडतो. माझ्यात अजून सापडलेला नाही.

मागच्या वर्षी गॅसचं सिलिंडर उचलताना माझी कंबर धरली. डॉक्टरांनी विश्रांती, गोळ्या आणि व्यायाम सांगितला. जनूभाऊंना न बोलावता कळलं. वाटी घेऊन आले, मला पालथं पाडलं आणि अंगठा अशा जागी रुतवला की मी आईला हाक मारली.

"हीच ती," ते आनंदाने म्हणाले. "चौथ्या नि पाचव्या मणक्याच्या मधली."

मग प्रवचन सुरू झालं. नुसती हळद खाऊन उपयोग नाही, कारण ती अंगाला लागतच नाही. सोबत काळी मिरी हवी. "मिरी म्हंजे हळदीचा पास. पास नसला तर टीसी तिला पोटातच उतरवतो." मी विचारलं, याने गुण आलेला कोणी माणूस आहे का? त्यांनी क्षणभर मोबाइल चाळला.

"उंदीर हाय."

"काय?"

"उंदराच्या शेपटीतल्या गादीवर करून बगितलंय. सूज उतरली."

"जनूभाऊ, मला शेपटी नाही."

"मणका तो मणका," ते म्हणाले आणि लेप थापला. निरगुडीचा वास, हळदीचा रंग, आणि चादरीची कायमची वाट. लेप लावताना हात मात्र हलका, इतका की मला झोप लागायला आली. तेवढ्यात ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "या गादीला रक्ताची नळीच नसते रे. औषध आत पोचत नाय. दुखतंय तिथंच काय पोचत नाय, ही खरी अडचण." मग बाहेरून लावलेलं तरी कसं पोचणार, हे विचारायचं मी टाळलं. माझी कंबर अजून त्यांच्याच हातात होती.

आठ दिवसांत कंबर सुटली. डॉक्टरांच्या गोळ्यांनी, की व्यायामाने, की नुसतं पडून राहिल्याने, देव जाणे. जनूभाऊंनी मात्र ती आपल्या खात्यावर घेतली आणि सगळ्या आळीत माझा उल्लेख 'आपली चौथी-पाचवी' असा होऊ लागला.

त्यांची स्वतःची कंबर? "नवी कोरी!" असं म्हणून ते छाती पुढे काढत. वाकताना मात्र मी त्यांना कधी पाहिलं नाही. खाली काही पडलं तर ते त्याकडे बघून म्हणत, "र्‍हाऊ दे तिथंच, कुठं जातंय."

मुरबाडकडच्या वैशाखरे गावी त्यांच्या चुलत पुतण्याची हळद होती, तिथे मीही गेलो होतो. बायका नवऱ्याच्या गालाला हळद फासत होत्या. जनूभाऊ मांडवात घुसून ओरडले, "गालाला सूज आलीय का त्याच्या? कमरेला लावा, उद्यापासून लागणार हाय ती!" सगळा मांडव हसला. मग उरलेल्या हळदीचं ताट उचलून ते थेट बँडवाल्यांकडे गेले आणि ढोल गळ्यात अडकवलेल्या तिघांचे शर्ट वर करून हळद लावून आले. बँडवाले बिचारे नवरदेव झाल्यासारखे लाजले. एकाने ताट घेऊन जनूभाऊंनाही लावायला हात पुढे केला, तर हे झटकन मागे सरले. "मला कशाला? माझी लावणारी गेली," असं काहीसं बोलले. बँडच्या आवाजात कोणी लक्ष दिलं नाही. मीही दिलं नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी दुपारी, आमच्याकडेच राहून गेलेली त्यांची लेपाची वाटी परत करायला गेलो. पुढचं दार उघडं होतं, हाक मारली, उत्तर नाही. म्हणून मागे गेलो.

जनूभाऊ उघड्या अंगाने भिंतीला पाठ लावून उभे होते. त्यांनी भिंतीवर मूठभर लेप थापला होता आणि खुंट्याला अंग घासणाऱ्या म्हशीसारखे ते त्यावर कंबर घासत होते, डावीकडून उजवीकडे, डोळे मिटून, दात आवळून. खाली कमरेचा पट्टा पडला होता. हसू अगदी ओठांवर आलं होतं. मग ते जरा वळले आणि त्यांची पाठ दिसली. मधे सगळी पिवळी, आणि एका बाजूला पार वाकलेली.

त्यांनी डोळे उघडले. "भिंत जरा... ओल बगत होतो."

मी खाली पडलेला पट्टा उचलून त्यांच्या हातात दिला.

"भाताच्या आवणीत ही कायम वाकलेली," ते म्हणाले. ही म्हणजे त्यांची बायको, लक्ष्मीकाकी. तीन वर्षांपूर्वी गेली. "तिची गादी आधी गेली. तिच्यासाठीच वाचायला लागलो मी. मी तिला लावायचो, ती मला लावायची. आता माझा हात पोचत नाय तिथवर."

"मला सांगायचं होतं ना."

"काय सांगायचं? गावाला लावत फिरतो नि माझीच गेलीय, असं?"

मला माझी लाज वाटली. तीन वर्षं त्या डागाकडे बघत मी चहा प्यायलो होतो, आणि त्यावर विनोद केले होते.

मी त्यांना ओट्यावर पालथं झोपवलं. भिंतीवरचा लेप हाताने निपटून घेतला आणि त्यांच्या कमरेला लावायला लागलो. पाठ आधी ताठ होती, मग हळूहळू सैल झाली. जनूभाऊ गप्प राहतील तर शपथ. "वर. जरा खाली. दाबू नको रे, मी काय उंदीर हाय?" मग त्यांचा श्वास संथ झाला. मला वाटलं झोप लागली. तेवढ्यात दंडात खुपसलेल्या तोंडातून आवाज आला.

"नीट लाव. मधी गॅप सोडू नको."

मी त्यांना टोकलं नाही.